दप्तराची किल्ली

राज्यकारभार कागदावर चालू लागला त्या दिवसापासून एक प्रश्न त्याच्या पाठीशी लागला आहे. कागद कोणी पाहावा, त्यावर कोणी लिहावे आणि त्यातील हुकूम कोणी अमलात आणावा, हा तो प्रश्न होय. राज्ये बदलली, भूर्जपत्रांच्या जागी कागद आला, कागदाच्या जागी आता काचेचा पडदा आला. पण प्रश्न मात्र होता तसाच आहे. आज कचेरीतील टेबलावरच्या संगणकावर एखादी फाईल उघडू जाता 'प्रवेश नाकारला' अशी एक ओळ उमटते आणि काम खोळंबते. ही ओळ म्हणजे यंत्राचा लहरीपणा आहे असा बहुतेकांचा समज असतो. वस्तुतः तिच्यामागे एक दीर्घ इतिहास उभा आहे, आणि तो इतिहास ठाऊक असला तर ती अडचण सोडविण्याची वाटही सापडते.

या इतिहासाचा एक धागा नव्या दिल्लीतील कस्तुरबा गांधी मार्गाशी येऊन मिळतो. कनॉट प्लेसपासून इंडिया गेटच्या वर्तुळापर्यंत जाणारा हा रस्ता मराठी माणसाला परका नाही. नवे महाराष्ट्र सदन २०१३ साली याच मार्गावर उभे राहिले. ज्यांचे नाव या मार्गाला दिले आहे त्या कस्तुरबांनी २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्यातील आगाखान महालात, स्थानबद्धतेत असतानाच देह ठेवला. पण या रस्त्याचे पूर्वीचे नाव कर्झन रोड असे होते, आणि कर्झनसाहेबांचा फाईलशी असलेला संबंध मोठा विलक्षण आहे.

१८९९ साली लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय होऊन आले तेव्हा हिंदुस्थान सरकारच्या कचेऱ्यांतील कागदांचा पसारा पाहून ते त्रस्त झाले. एकेक फाईल या खात्यातून त्या खात्यात, पृथ्वी आपल्या आसाभोवती फिरावी तशी संथपणे फिरत राहते आणि वाटेत प्रत्येक जण तिच्यावर आपला शेरा चढवितो, अशी त्यांची तक्रार होती. लांबलचक शेरे आखडते घ्यावेत, सचिवांनी एकमेकांशी समक्ष बोलून प्रश्न मिटवावेत, असा आग्रह त्यांनी धरला. फाईलवर कोणी लिहावे याचा त्यांनी असा विचार केला. मात्र ती कोणी वाचावी या बाबतीत त्यांचे धोरण नेमके उलट्या दिशेचे होते. सरकारी गुपितांचा कायदा १८८९ पासून होताच. कर्झनसाहेबांच्या सरकारने १९०४ साली तो अधिक कडक करून लष्करी बाबींबरोबर मुलकी बाबींनाही त्याच्या कक्षेत ओढले. मध्यवर्ती कायदेमंडळात या विधेयकाला ज्यांनी निकराने विरोध केला त्यांत नामदार गोपाळ कृष्ण गोखले अग्रभागी होते. लष्करी गुपित राखणे वेगळे आणि मुलकी कारभाराभोवती भिंत घालणे वेगळे. अशा भिंतीमुळे वृत्तपत्रांचे तोंड बंद होईल आणि अधिकाऱ्यांवर कोणाचाच डोळा राहणार नाही, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. कायदा संमत झाला तो झालाच. १९२३ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली आणि तो स्वतंत्र भारतातही राहिला.

गोखल्यांच्या पुण्यात मात्र दप्तराच्या किल्लीचा वाद याच्याही आधीपासून धुमसत होता.

मराठ्यांच्या कारभारात कागदाची शिस्त मोठी कडक असे. छत्रपती शिवाजीमहाराजांच्या पत्रांच्या शेवटी उमटणाऱ्या लहान मुद्रेवर 'मर्यादेयं विराजते' ही अक्षरे आढळतात. येथे पत्राची मर्यादा झाली, यापुढे कोणी काही वाढवू नये, असा तिचा अर्थ. हिलाच मोर्तब म्हणत. कागद वाचण्यास मोकळा असला तरी त्यात भर घालण्यास मोकळा नाही, हा भेद त्या काळच्या कारकुनांना पुरता ठाऊक होता. पुढे पेशवाईत हुजूर दप्तर वाढत गेले. नाना फडणिसांच्या हयातीत ते नीटनेटके होते. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत त्याची हेळसांड झाली. आणि १८१८ साली राज्याबरोबर दप्तरही इंग्रजांच्या हाती गेले.

इंग्रजांना त्या कागदांची किंमत कळत होती, पण ती निराळ्या कारणासाठी. कोणाचे इनाम खरे, कोणाचे खोटे, कोणत्या जमिनीवर किती सारा बसवावा, याचा निवाडा त्या रुमालांत होता. १८५२च्या कायद्याने इनामांची चौकशी बळावली तेव्हा या दप्तराचा पुरेपूर वापर झाला. कागदांचा मालक आता सरकार होते, आणि ज्या कागदांवर दावे उभे राहत किंवा कोसळत ते वाटेल त्याला दाखविणे सरकारला सोयीचे नव्हते. पुण्याच्या एलिएनेशन ऑफिसात हे सारे रुमाल बंदोबस्तात ठेवले गेले. न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रयत्नांनी आणि रावबहादूर गणेश चिमणाजी वाड यांच्या परिश्रमांनी पेशव्यांच्या रोजनिशींतील उतारे बाहेर आले खरे. पण सामान्य संशोधकाला दार बंदच राहिले.

दार बंद असल्याचा परिणाम मात्र इतिहासाच्या दृष्टीने अपूर्व झाला. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी सरकारी दप्तराच्या दारात ताटकळत बसण्याऐवजी गावोगावची खाजगी दप्तरे धुंडाळण्यास प्रारंभ केला. वाड्यांचे माळे, देवघरांच्या पेट्या, जोशी-कुळकर्ण्यांची कपाटे त्यांनी पालथी घातली. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला, आणि पुढे तिचे एकूण बावीस खंड झाले. १९१० साली त्यांनी आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. एका दरवाज्यास कुलूप असले तर त्याच माहितीची दुसरी प्रत अन्यत्र असू शकते, ही गोष्ट राजवाड्यांनी आपल्या पायपिटीने सिद्ध केली. संगणकाच्या युगात जिला 'राखीव प्रत' म्हणतात तिचे महत्त्व यापेक्षा निराळे नाही.

पेशवे दप्तर खुले करण्याची मागणी पुढेही होतच राहिली. अखेर १९२९ साली मुंबई सरकारने बडोद्याच्या सेवेतून निवृत्त झालेले रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांना दप्तरातील निवडक कागद छापण्याच्या कामी नेमले. सर जदुनाथ सरकार यांचे पाठबळ त्यामागे होते. १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग प्रसिद्ध झाले. हे काम प्रचंड होते. तथापि त्यातील एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. दार सर्वांस उघडले नव्हते. एका विश्वासू माणसास आत जाऊ दिले आणि त्याने निवडून आणलेले इतरांनी वाचावे, अशी ती व्यवस्था होती. पुण्याच्या संशोधकांत या गोष्टीची खंत राहिली, आणि ती अकारण नव्हती. कारण निवड करणारा कितीही थोर असला तरी जे त्याने निवडले नाही त्याविषयी वाचकास काहीच कळत नाही. शिवाय परवानगी मिळाली म्हणजे वाचता आले असेही नव्हे. कागद मोडीत होते. मोडी न जाणणाऱ्यास रुमाल हातात देऊनही तो अंधारातच राही. अनुज्ञा आणि वाचनक्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे एकदा स्पष्ट झाले की पुढील बरेच गोंधळ टळतात.

दिल्लीतही याच सुमारास वारे फिरत होते. १८९१ साली कलकत्त्यात स्थापन झालेले इंपीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट पुढे दिल्लीस आले आणि क्वीन्सवेवर, म्हणजे आजच्या जनपथावर, कर्झन रोडपासून अगदी थोड्या अंतरावर स्थिरावले. १९३९ साली डॉ. सुरेंद्रनाथ सेन हे त्याचे प्रमुख झाले. मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेवर त्यांनी ग्रंथ लिहिला होता. दप्तराच्या दाराबाहेर उभे राहण्याचा अर्थ त्यांना कोणी शिकवावा लागणार नव्हता. त्यांच्याच कारकिर्दीत हे अभिलेख संशोधकांना रीतसर खुले झाले. स्वातंत्र्यानंतर हीच संस्था राष्ट्रीय अभिलेखागार म्हणून ओळखली जाऊ लागली. तेथील पद्धत साधी असते. वाचक भांडारात जात नाही; तो चिठ्ठी भरून देतो, सेवक आत जाऊन कागद काढून आणतो, वाचक तो वाचतो आणि परत करतो. भांडारात शिरण्याचा अधिकार आणि कागद वाचण्याचा अधिकार यांची येथे फारकत केलेली असते.

हीच फारकत संगणक बांधणाऱ्यांना करावी लागली, आणि तीही याच क्रमाने, ठेचा खात खात. आरंभी संगणकावर एका वेळी एकाच माणसाचे काम चाले. तेव्हा कोणापासून काही लपविण्याचा प्रश्नच नव्हता. १९६१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत फर्नांडो कोर्बाटो यांनी एकच यंत्र अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी व्यवस्था करून दाखविली. अनेक माणसे आली तशी अनेकांच्या फाइली आल्या, आणि प्रत्येकाच्या फाइली निराळ्या राखण्यासाठी परवलीचा शब्द आला. त्याबरोबर चोरवाटाही आल्या. १९६२ साली ॲलन शेर या विद्यार्थ्याला यंत्रावर मिळणारा वेळ पुरेना. त्याने सर्वांच्या परवलीच्या शब्दांची फाईल रीतसर छापून मागितली आणि यंत्राने ती निमूटपणे छापून दिली. १९६६ साली तर आणखी गंमत झाली. दोघे व्यवस्थापक एकाच वेळी दोन निरनिराळ्या फाइली दुरुस्त करीत होते. त्यांच्या तात्पुरत्या प्रतींची अदलाबदल झाली, आणि दिवसाचा संदेश म्हणून जो मजकूर प्रत्येकास दिसावयाचा त्याजागी सर्वांचे परवलीचे शब्दच पडद्यांवर झळकले.

या अनुभवांतून जी रचना उदयास आली तिचे सर्वांत सुटसुटीत रूप म्हणजे १९६९ नंतर बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी घडविलेली युनिक्स प्रणाली. तीत प्रत्येक फाईलला एक मालक असतो आणि एक गट असतो; उरलेले सारे 'इतर'. या तिघांना तीन प्रकारचे अधिकार देता येतात: वाचण्याचा, लिहिण्याचा आणि चालविण्याचा. वाचनाचे ४, लेखनाचे २, चालविण्याचा १, असे अंक मांडून त्यांची बेरीज केली की एकेकाचा अधिकार एका आकड्यात मावतो. ६४० म्हणजे मालकाने वाचावे व लिहावे, गटाने केवळ वाचावे, इतरांनी दूर राहावे. राष्ट्रीय अभिलेखागारातील चिठ्ठीचीही सोय तीत होती. सामान्य माणसास परवलीच्या शब्दांची फाईल बदलता येता कामा नये, पण स्वतःचा शब्द तर बदलता आला पाहिजे. यासाठी, चालविणाऱ्याच्या नव्हे तर मालकाच्या अधिकाराने चालणारा छोटा कार्यक्रम मध्ये ठेवण्याची युक्ती रिची यांनी शोधली. तो कार्यक्रम म्हणजे भांडारातला सेवकच. १९७९ साली या युक्तीस पेटंट मिळाले.

घराघरांत आणि कचेऱ्यांत जो छोटा संगणक पोहोचला तो मात्र या शिस्तीविनाच आला. १९८१ सालच्या एमएस-डॉस प्रणालीत फाईलला मालक ही कल्पनाच नव्हती. यंत्रापुढे जो बसेल तो राजा. १९९३ साली विंडोज एनटी आली आणि तिच्याबरोबर प्रत्येक फाईलला मालक व अधिकारांची यादी जोडणारी पद्धत आली. २००१ सालच्या एक्सपीने ती घरगुती यंत्रांपर्यंत नेली. तरी बहुतेक जण व्यवस्थापकाच्याच अधिकाराने रोज काम करीत. त्याच्या पुढच्या, व्हिस्टा या आवृत्तीपासून व्यवस्थापकालाही महत्त्वाच्या बदलाआधी थांबवून संमती विचारली जाऊ लागली. वीस वर्षे मोकळ्या वाड्यात वावरलेल्या माणसांना एकाएकी दारोदारी पहारेकरी दिसू लागले. त्यांची कुरकुर समजण्यासारखी होती.

आता नित्याच्या अडचणीकडे वळावे. अधिकाऱ्याची बदली होते, जुना संगणक बिघडतो, त्यातील डिस्क काढून नव्या यंत्रास जोडली जाते आणि फाइली उघडत नाहीत. नाव तेच, माणूस तोच; मग नकार का? कारण यंत्र नावाने माणूस ओळखत नाही. प्रत्येक खात्यास ते एक लांबलचक क्रमांक देते आणि अधिकारांच्या यादीत हा क्रमांकच लिहिलेला असतो. नव्या यंत्रावर त्याच नावाचे खाते उघडले तरी त्याचा क्रमांक निराळा पडतो. यादीत नावाऐवजी नुसता आकड्यांचा गुंता दिसला की समजावे, मालक हयात नसलेला हा वाडा आहे. अशा वेळी यंत्राचा व्यवस्थापक आधी फाईलची मालकी आपल्याकडे घेतो आणि नंतर अधिकारांची यादी नव्याने लिहितो. या दोन पायऱ्या आहेत, एक नव्हे. मालकी मिळाल्याने वाचता येतेच असे नाही. वाचण्याचा अधिकार देण्याचा अधिकार तेवढा मिळतो. पहिली पायरी करून दुसरी विसरणारे पुष्कळ असतात, आणि मग उपाय लागू पडला नाही म्हणून यंत्रास दोष देतात.

दुसरी अडचण जागा बदलल्याने उद्भवते. एकाच डिस्कविभागात फाईल एका कप्प्यातून दुसऱ्यात हलविली तर ती जुने अधिकार बरोबर घेऊन जाते. तिची नक्कल केली तर नक्कल नव्या कप्प्याचे अधिकार घेते. म्हणून सर्वांसाठी असलेल्या कप्प्यात हलविलेली फाईल सहकाऱ्यांना दिसते, पण उघडत नाही. तिसरी अडचण कचेरीच्या जाळ्यातून येते. तेथे दोन दरवाजे असतात, एक वाटलेल्या कप्प्याचा आणि दुसरा खुद्द फाईलचा. दोहोंपैकी जो अधिक कडक असेल त्याचा हुकूम चालतो. एकच दरवाजा उघडून भागत नाही. युनिक्सच्या घराण्यातील प्रणालींत आणखी एक बारकावा आहे. फाईल पुसून टाकण्याचा अधिकार फाईलवर नसून ती ज्या कप्प्यात आहे त्या कप्प्यावर अवलंबून असतो. कागदावर मोर्तब असले तरी कपाट उघडे असेल तर कागद नाहीसा होऊ शकतो.

कित्येकदा तर दोष अनुज्ञेचा नसतोच. फाईल दुसऱ्या कार्यक्रमाने उघडून ठेवलेली असते, किंवा ती सांकेतिक रूपात बंद केलेली असते. हा शेवटचा प्रकार मोडीसारखा आहे. मालकी घेतली, सर्व अधिकार घेतले, तरी उलगडण्याची किल्ली नसेल तर हाती केवळ अर्थहीन अक्षरे येतात. मोडी पुन्हा शिकता येते. हरवलेली सांकेतिक किल्ली शिकून मिळत नाही. म्हणून तिची प्रत वेळीच दुसरीकडे जपून ठेवणे एवढाच उपाय उरतो.

अडचणीने गांजलेला कारकून अखेरीस एक सोपा मार्ग पत्करतो. सर्वांना सर्व अधिकार देऊन मोकळा होतो. युनिक्सच्या भाषेत हा ७७७ चा आकडा. काम तत्काळ चालू होते, आणि नेमका तेथेच धोका असतो. कारण ज्या फाईलवर कोणीही लिहू शकतो तिच्यातील मजकूर कोणी बदलला हे पुढे शोधता येत नाही. निवृत्तिवेतनाच्या नस्तीत एखादी तारीख बदलली गेली तर तिचा भुर्दंड एखाद्या वृद्ध विधवेला सोसावा लागतो. उलट सारेच कुलूपबंद केले तर ती विधवा खेटे घालीत राहते आणि नस्ती सापडत नाही, असे उत्तर तिला मिळते. दोन्ही टोकांना नुकसान तिचेच.

या दोन टोकांमधील वाट कायद्यानेही शोधली. महाराष्ट्राने २००२ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा केला. १२ ऑक्टोबर २००५ पासून देशभर केंद्राचा कायदा लागू झाला. १९२३ च्या गुपितांच्या कायद्याशी विसंगती आली तर आपलेच म्हणणे चालेल, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. नामदार गोखल्यांनी मांडलेल्या आक्षेपाला उत्तर मिळण्यास शंभर वर्षे लागली. याच कायद्यात आणखी एक सूक्ष्म तरतूद आहे: कागदाचा काही भाग देण्याजोगा नसेल तर तेवढा वगळून उरलेला भाग द्यावा, एका ओळीसाठी सारी नस्ती अडवू नये.

आज सरकारी कचेऱ्यांत राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ई-ऑफिस प्रणालीवर नस्त्या फिरतात. कोणती नस्ती कोणाकडे कधी गेली, तिच्यावर कोणी काय लिहिले, याची नोंद आपोआप राहते. कर्झनसाहेबांना छळणारा फाईलचा फेरा यामुळे संपला असे कोणी म्हणणार नाही. पण तो आता मोजता येतो. मात्र अधिकारांची यादी यंत्र स्वतः ठरवीत नाही. बदली झालेल्या अधिकाऱ्याचे नाव त्याच दिवशी यादीतून काढणे, येणाऱ्याचे नाव घालणे, मालकी व्यक्तीकडे न ठेवता पदाकडे किंवा गटाकडे ठेवणे आणि हे सारे कोठेतरी लिहून ठेवणे, ही कामे माणसांचीच आहेत. ती वेळच्या वेळी झाली तर 'प्रवेश नाकारला' ही ओळ क्वचितच भेटते. आणि जेव्हा भेटते तेव्हा तिच्यामागे कारण असते, व ते कारण विचारण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास असतो.